क्यू जाईल ती विमानाच्या पोटातूनच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : पूल-स्नूकरची क्यू घेऊन विमानप्रवास

मुलाला स्पर्धेसाठी मुंबई, इंदूर नाहीतर बंगळुरूला विमानानं पाठवायचं ठरलं की घरात तिकिटाची चर्चा चार दिवस चालते. क्यूची, म्हणजे टेबलावरचे चेंडू मारायच्या ज्या लांब काठीला आपल्याकडे सगळे 'स्टिक' म्हणतात तिची, आठवण मात्र निघायच्या रात्री होते. त्या रात्री ऐनवेळी धांदल उडू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या वाचकांत अशा मुलांचे आईबाप बरेच असतील.

पहिली गोष्ट, भारतातल्या कुठल्याही विमानतळावरून क्यू हातसामानात नेता येत नाही. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फचा दांडा आणि पूल क्यू ही मंडळी मनाई यादीत एकाच ओळीत बसलेली असतात. हे सगळं चेक-इन सामानातच जातं. "काहून नेऊ देत नाही, लाकूडच तर आहे!" हा वाद सुरक्षा दलाच्या जवानाशी घालण्यात अर्थ नाही. क्यूचं वजन साधारण अर्धा किलो असतं, आणि त्यातला बहुतेक भार मुठीकडच्या जाड भागात. तपासणाऱ्याच्या नजरेला तो दंडुकाच दिसतो. म्हणून सांधा उघडून दोन तुकडे केले तरी नियम बदलत नाही. कार्बन फायबरच्या शाफ्टलाही, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागालाही, तोच नियम. कुणाची कधीतरी हातात गेलीही असेल, पण त्या भरवशावर दुसऱ्यानं निघू नये.

शहरातल्या माणसाचं एक वेळ निभतं. सुरक्षा तपासणीत क्यू अडली तर तो फोन करून भावाला बोलावतो आणि क्यू घरी पाठवतो. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून जास्त. तिकडून पहाटेच्या गाडीनं आलेल्या मुलानं क्यू कुणाच्या हवाली करायची? त्यातही मोबाइलवर वेब चेक-इन करून, पाठीवर एक सॅक घेऊन जो थेट सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागतो, तो हमखास फसतो. तिथं क्यू अडली की उलट फिरून कंपनीच्या काउंटरवर जावं लागतं. देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात. ते बंद झालेलं असेल तर क्यू तरी सोडा नाहीतर विमान तरी. तेव्हा बोर्डिंग पास मोबाइलवर आलेला असला तरी क्यूवाल्यानं काउंटरवरच जायचं.

आता बांधणीचं. ती ठरते क्यूच्या सांध्यावरून, त्यामुळे आधी आपली क्यू किती तुकड्यांची आहे ते बघा.

पूलची क्यू सहसा मध्यावर उघडते. पूर्ण लांबी ५७-५८ इंच, म्हणजे एक तुकडा २९ इंच, ७४ सेंटिमीटरच्या आसपास. हिचं सोपं आहे. ७५ सेंटिमीटर उंच, ५० रुंद आणि ३० खोल अशा मोठ्या बॅगेचा आतला कर्ण ९५ सेंटिमीटरपर्यंत भरतो, म्हणजे तुकडे तिरपे आरामात बसतात. दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळा. एकत्र बांधले तर एकाच्या सांध्याचा पितळी किंवा स्टीलचा आटा दुसऱ्याच्या लाकडावर ओरखडे काढतो. आट्यावर टोपण लावा. टोपण हरवलं असेल तर रबरी नळीचा तुकडा नाहीतर बुचाचं लाकूड कोरून बसवा. तुकडे बॅगेच्या मधोमध असावेत, खाली दोन जीन्स आणि वर दोन. बॅगेच्या भिंतीलगत ठेवू नका. बॅग आदळते ती कडेवर आणि चाकांवर, म्हणून क्यूचं बारीक टोक चाकांकडे न ठेवता हँडलकडे ठेवायचं.

स्नूकरची क्यू बहुधा पाऊण लांबीवर उघडते. मुठीचा तुकडा आखूड आणि शाफ्टचा लांब, ४२-४३ इंच, म्हणजे १०९ सेंटिमीटरपर्यंत. हा तुकडा कुठल्याच नेहमीच्या बॅगेत बसत नाही. सोबत आलेली ॲल्युमिनियमची किंवा रेक्झिनची लांब पेटी क्लबपर्यंत न्यायला चांगली, पण विमानाच्या सामानात तिच्या कड्या आपटून उघडतात आणि पातळ पत्रा चेपतो. बाजारात प्रवासासाठीच्या जाड नळ्या मिळतात, त्यांची किंमत मात्र बऱ्याच जणांच्या क्यूपेक्षा जास्त. विदर्भाच्या खेड्यात त्यांची गरजही नाही, कारण उत्तम नळी प्रत्येक कास्तकाराच्या गोठ्यामागं पडलेली असते. विहिरीच्या पाइपलाइनमधून उरलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप!

त्याचा ४ फुटांचा, म्हणजे १२२ सेंटिमीटरचा तुकडा कापा. दाबाच्या हिशेबात '४ केजी'वाला पाइप पुरतो. एवढ्या तुकड्याचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. '६ केजी'वाला जास्त दणकट असतो, पण १५ किलोच्या सामानात उगाच भार कशाला? कापलेली कड कानशीनं घासून गुळगुळीत करा. एका टोकाला एंड कॅप, म्हणजे पाइपाचं टोपण, सोल्युशन लावून कायमची बसवा. दुसऱ्या टोकाला सोल्युशन अजिबात नको, कारण ते हातानं उघडलं पाहिजे. त्या टोपणातून आणि पाइपातून आरपार भोक पाडून नायलॉनची दोरी ओवा आणि वरून कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. दोन्ही टोकं पक्की बंद केलेला पाइप, आत पितळी सांध्याचा धातू, आणि उघडायला करवत लागणार अशी वस्तू एक्स-रेच्या पडद्यावर कशी दिसेल याचा विचार करा. तो पाइप बाजूला काढला जाणार हे नक्की.

आणखी एक भोक पाइपाच्या बाजूला पाडा, ५ मिलिमीटरचं. हे बहुतेक जण विसरतात. विमान वर गेल्यावर आतला दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, आणि सामानाचा कप्पाही केबिनसारखाच त्या दाबाखाली असतो. पाइप हवाबंद असेल तर आतल्या हवेचा ११० मिलिमीटरच्या टोपणावर वीसेक किलोचा रेटा येतो. टोपण सरकतं, चिकटपट्टी सुटते आणि मग मुक्कामी पोचल्यावर "कुणी उघडली?" म्हणून आरडाओरडा होतो. भोक असलं की हा प्रश्नच उरत नाही.

आत भरताना दोन्ही टोकांना ५-५ सेंटिमीटर जाड फोमची चकती घाला. नव्या फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्यात जो पांढरा लवचीक फोम येतो, तोच. थर्माकोल नको. तो एका आपटीत चुरा होतो आणि त्याचे दाणे सांध्याच्या आट्यात जाऊन बसतात. लांब तुकडा फोमच्या पत्र्यात गुंडाळा. मुठीचा तुकडा आणि एक्स्टेंशन, म्हणजे क्यू लांब करायचा जोडतुकडा, असेल तर तेही वेगवेगळं गुंडाळून शेजारी सरकवा. उरलेल्या पोकळीत टी-शर्ट कोंबा. मग पाइप कानाशी धरून जोरात हलवा. आतून टकटक ऐकू आली तर अजून एक टी-शर्ट. क्यू बाहेरच्या धक्क्यानं क्वचित मोडते. पाइप उभा आपटला की क्यू आतल्या आत सरकून टोकावर आदळते. मग टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, चेपते आणि फेरूलला, म्हणजे टिपखालच्या कडीला, चीर जाते. स्नूकरची टिप साडेनऊ-दहा मिलिमीटरची, तेवढ्याशा चामड्यावर सगळ्या क्यूचा भार आला तर काय उरणार?

मापाचा हिशेबही सांगून टाकतो. विमान कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही मर्यादा साधारण मानतात. टोपणांसह आपला पाइप १२६ आणि बाजूनं १२-१२ धरला तरी बेरीज १५० होते, म्हणजे मापात बसतो. अखंड, बिनसांध्याची क्यू असेल तर पाइप ५ फुटांचा लागतो आणि बेरीज १७५च्या पुढं जाते. ते 'मोठ्या आकाराचं सामान' ठरतं. त्याला जादा पैसे पडू शकतात, आणि लहान विमानात घ्यायचं की नाही हे कंपनीच्या हाती. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली ती सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानानं. अशा विमानात सामानाची जागा बेताची असते. लांब नग असेल तर तिकीट काढल्यावर लगेच कंपनीला फोन करून नोंद करून घ्यावी. पुढचं विमान दुसऱ्या तिकिटावर असेल तर सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं, तेव्हा दोन्हीकडे विचारावं.

अखंड क्यू कापून तिला पितळी सांधा बसवून द्या, असा आग्रह काही पालक कारागिराकडे धरतात. एका प्रवासासाठी चांगली अखंड क्यू कापू नये. सांध्याच्या पितळेनं वजन वाढतं, तोल सरकतो, आणि मुलाच्या हाताला बसलेली काठी परकी होते. मुंबईला जायचं तर विदर्भ एक्सप्रेस आहे. गोंदियाहून निघून नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत रात्रीतून पोचवते. तिच्यात ५ फुटांचा पाइप खालच्या बर्थखाली निवांत झोपतो, कुणी विचारत नाही. अखंड क्यूसाठी माझं मत सरळ रेल्वेच्या बाजूनं आहे. नागपूरपर्यंत एसटीनं जाताना मात्र पाइप मागच्या डिकीत पोत्यांखाली टाकू नका. गुडघ्यांमध्ये उभा धरा.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण आपल्या हवेचा संबंध इथं येतो. स्नूकरचा शाफ्ट बहुधा ॲश लाकडाचा, पूलचा मेपलचा. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ च्या पुढं जातो आणि हवेत ओलावा नावाला नसतो. लाकूड सुकून बारीक होतं, पितळ होत नाही. म्हणून उन्हाळ्यात बोट फिरवलं की फेरूलची कड टोचते. तीच क्यू मुंबईच्या दमट हवेत गेली की ओलावा पिऊन फुगते आणि सांधा घट्ट होतो किंवा करकरतो. हा बदल झटक्यात झाला तर शाफ्टला बाक येतो. विमानातल्या दोन तासांपेक्षा नागपूरच्या उन्हात बंद गाडीत राहिलेला पाऊण तास क्यूला जास्त नडतो. गाडीच्या काचेमागं क्यू ठेवून जेवायला जाऊ नका. मुक्कामी पोचल्यावर पेटी लगेच उघडून एसी हॉलमध्ये सराव सुरू करू नका. तीन-चार तास बंद पेटी खोलीत राहू द्या.

ओलाव्याचा हा चढउतार कमी करायला ॲशच्या उघड्या, लॅकर नसलेल्या शाफ्टला जवसाचं कच्चं तेल लावतात. परदेशात त्याची छोटी बाटली महाग विकली जाते. आपल्याकडे जवस पिकतो आणि घाण्यावर तेलही मिळतं. सुती कापडावर चार-पाच थेंब घ्या, शाफ्टवर पातळ फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडानं उरलेलं सगळं पुसून काढा. कच्चं तेल वाळायला दिवस घेतं, म्हणून हे काम निघायच्या किमान आठवडाभर आधी करायचं. आदल्या रात्री लावलं तर फोमचे तंतू चिकटून शाफ्ट खरबरीत होतो. मेपलच्या शाफ्टला तेल नको, कोरडं पुसणं पुरे.

या तेलाचा एक धोका गावात फारसा माहीत नाही. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं गोळा करून कोंबून ठेवलं तर ते आपोआप तापतं. तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यातून उष्णता निघते. ती बाहेर जायला वाट नसली तर फडकं पेटूही शकतं. असं फडकं क्यूच्या पेटीत किंवा पाइपात कधीही ठेवू नका, विमानात तर नाहीच. वापरून झालं की अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाकून द्या.

सोबतच्या बारीकसारीक वस्तूंचंही बघा. खडूचे ठोकळे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चेक-इन सामानात टाका, नाहीतर निळी भुकटी सगळ्या कपड्यांना लागते. टिप कापायची ब्लेड, कानस, टिपला आकार द्यायचं साधन हे सगळं चेक-इनमध्येच. टिप चिकटवायचा डिंक मुळीच नेऊ नका. चपला-फोमला वापरतात ते पिवळं कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह ज्वलनशील असतं, थिनर आणि स्पिरिटही तसंच. ते हातसामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. नवी टिप घरीच लावून घ्या आणि स्पर्धेआधी चार-सहा दिवस खेळून बसवून घ्या. पॉवर बँक उलट, ती हातसामानातच. क्यूच्या पाइपात ती राहिली तर पाइप उघडवला जाईल.

पाइपावर जाड मार्करनं नाव, मोबाइल नंबर आणि 'बिलियर्ड्स क्यू' असं लिहा. नाव-नंबराची तीच चिठ्ठी आतही टाका, कारण बाहेरची चिठ्ठी फाटते. खांद्याला अडकवायचा पट्टा असेल तर सामान देताना काढून घ्या, तो सरकपट्ट्यात अडकतो. क्यूचे, तिच्या टोकाचे आणि सांध्याचे फोटो काढून ठेवा. काउंटरवर आत काय आहे ते विचारण्याआधीच सांगा आणि सामान एक्स-रेतून पुढं गेल्याशिवाय तिथून हलू नका. 'नाजूक वस्तू' अशी चिठ्ठी लावताना काही कंपन्या एका कागदावर सही घेतात. त्यात बऱ्याचदा 'मोडलं तर जबाबदारी मर्यादित' असं लिहिलेलं असतं. वाचून सही करा. सामानाची पावती बोर्डिंग पासच्या मागं चिकटवतात, ती सांभाळा.

उतरल्यावर लांब नग पट्ट्यावर येतोच असं नाही, काही ठिकाणी तो बाजूच्या दारातून हातानं आणून देतात. मिळाला की दालनातून बाहेर पडण्याआधी उघडा. टिप, फेरूल आणि आटे बघा. बाक बघायचा तर क्यू जोडून एका डोळ्यानं मुठीकडून टोकाकडं नजर लावा आणि हळूहळू फिरवा. नुसती टेबलावर गडगडवून अंदाज चुकतो. नुकसान दिसलं तर तिथंच कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, नोंदवून त्याचा क्रमांक घ्या. दारातून बाहेर पडल्यावर क्यू कुठं मोडली हे सिद्ध करणं कठीण. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. देशातल्या प्रवासात मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये.

परदेशी जाणारे आपल्याकडे मोजके, त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनच्या सरकारी यादीत क्यू हातसामानात चालते. अमेरिकेत चालत नाही. तिथं मार्च २०१३ मध्ये सूट जाहीर झाली होती आणि जूनमध्ये ती मागं घेतली गेली. पण जाताना विमान भारतातून उडतं, तेव्हा इथला नियम आधी. महागडी क्यू नेत असाल तर निघताना सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ती बाहेरून विकत आणली असं कुणी म्हणणार नाही. जुन्या क्यूत हस्तिदंताचं फेरूल किंवा जडावकाम असेल तर ती घरीच राहू द्या. ते प्रकरण वन्यजीव कायद्यात जातं.

आता मागणी. स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत जन्मला असं मानतात. म्हणजे तो आपल्या शेजारचाच! नागपूर आणि अमरावतीच्या विमानतळांवर हातसामानात काय चालतं आणि खेळाचं कुठलं साहित्य चेक-इनमध्येच द्यायचं, याची मराठी यादी प्रवेशद्वाराबाहेर ठळक लावावी. आत शिरल्यावर वाचून उपयोग नसतो, क्यू परत पाठवायची तर सोडायला आलेला माणूस तोवर निघून गेलेला असतो. विमान कंपन्यांनी तिकिटाच्या संदेशात खेळाच्या साहित्याची एक ओळ मराठीत घालावी. आणि तालुक्याच्या गावात तिकीट काढून देणारे सेतू केंद्रवाले, मोबाइल दुकानवाले यांना विनंती की तिकिटाचे पैसे घेताना पोराच्या खांद्यावर लांब पिशवी दिसली तर "स्टिक किती तुकड्यांची आहे?" एवढं विचारा आणि चेक-इन सामान असलेलंच तिकीट काढा.

आपला,
क्यू दुरुस्ती करणारा एक वाचक
ता. आर्णी, जि. यवतमाळ